जमिनीचा शिधा

आमचे कुटुंब एकत्र आहे. दोन्ही वेळा मिळून सतरा पाने मांडली जातात. खानदेशात राहणारे आम्ही लोक सकाळी भाकरी खातो हे खरे. तथापि रात्री वरणभात, सणावारी पुलाव, आजाऱ्याला पेज आणि नैवेद्याला मूद या गोष्टींवाचून ब्राह्मणाचे घर चालत नाही. म्हणून मार्गशीर्ष उजाडला की नवापूर तालुक्यातील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतावरून वर्षाच्या तांदळाची सहा पोती येतात, ओसरीवर उतरतात, आणि पुढील चार दिवस घरातील स्त्रिया ती निवडण्यात, चाळण्यात व कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरण्यात गढून जातात. हा क्रम कित्येक वर्षांचा.

सात-आठ वर्षांपूर्वी एका मार्गशीर्षात सहांऐवजी तीनच पोती आली. सौभाग्यवतींनी सहजच विचारले, “यंदा निम्मीच कशी?” मी पाऊस, रोग, दिवसमान असे काहीतरी पुटपुटलो. खरे उत्तर मला ठाऊक होते, पण ते जिभेवर येईना. कारण त्या तीन पोत्यांच्या तुटीला पाऊस जितका कारण होता, तितकाच मीही होतो. ते उत्तर मी आज येथे देणार आहे. त्यातून वाचकांना भातशेती व हिरवळीचे खत या विषयाची ओळख होईल आणि उपदेश करणाऱ्याने कोठे थांबावे, याचाही थोडा बोध होईल, अशी आशा आहे.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे त्याचे सहा तालुके. खानदेश म्हटला की परक्या माणसाला कापूस, केळी व मिरची आठवते. भात सहसा आठवत नाही. परंतु गुजरातच्या सीमेला लागून असलेला नवापूर तालुका हा या समजुतीस अपवाद आहे. सुरत-भुसावळ मार्गावरील ज्या रेल्वे स्थानकाचा निम्मा भाग महाराष्ट्रात व निम्मा गुजरातेत आहे, ते हेच नवापूर. येथे सह्याद्रीचे डोंगर जवळ येतात, पाऊस जिल्ह्यातील सखल भागापेक्षा अधिक पडतो, आणि गावित, मावची, कोकणी अशा आदिवासी कुटुंबांची लहान लहान भातखाचरे उतारावर पायऱ्यांसारखी बसविलेली दिसतात. त्यांतील बहुतेक शेते पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहेत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील सर्व कथा तिच्यावरच उभी आहे.

माझा हा विद्यार्थी दहावीनंतर शेतीकडे वळला. दोन एकर भात, बांधावर तूर, मागाहून ओल राहिली तर हरभरा, असा त्याचा प्रपंच. एकदा उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो असता तो म्हणाला, “गुरुजी, जमीन कडक झाली आहे. पूर्वी एक गोणी युरियात जे पीक यायचे, त्याला आता दोन लागतात. पाऊस चार दिवस थांबला की खाचराला भेगा पडतात.” मी शिक्षक, प्रश्न ऐकला की उत्तर दिल्यावाचून राहवत नाही. शिवाय संस्कृताचा अभ्यास केलेला. तेव्हा उत्तर प्राचीन ग्रंथांतून निघाले तर त्याचा अभिमानही अधिक. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. बागेसाठी जमीन तयार करताना प्रथम तीळ पेरावे, ते फुलावर आले म्हणजे तेथेच तुडवून मातीत मिळवावे, हा भूमीचा पहिला संस्कार होय, असा त्यातील आशय आहे. सहाव्या शतकातील या विद्वानाने जे सांगितले, त्यालाच आज आपण हिरवळीचे खत म्हणतो. पीक वाढवावयाचे, पण कापून घरी न्यावयाचे नाही. जेथे वाढले तेथेच, कोवळे असतानाच, नांगरून चिखलात गाडावयाचे, एवढीच त्याची व्याख्या.

वराहमिहिराला एक गोष्ट ठाऊक असणे शक्य नव्हते, ती अशी की या कामासाठी सर्व वनस्पती सारख्या नाहीत. तीळ जमिनीतून जे घेतो तेच जमिनीला परत करतो. त्याने सेंद्रिय द्रव्य वाढते, परंतु नत्राची नवी भर पडत नाही. ताग, धैंचा, चवळी, मूग, उडीद, शेवरी, गिरिपुष्प या शेंगवर्गातील वनस्पतींचे तसे नाही. त्यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्या गाठींत सूक्ष्म जिवाणू राहतात, आणि हवेतील नत्र वनस्पतीला उपयोगी पडेल अशा रूपात बांधून देतात. मोबदल्यात वनस्पती त्यांना साखर पुरविते. जर्मनीतील हेलरीगेल व विल्फार्ट यांनी १८८६ साली शेंगवर्गीय पिके या गाठींच्या योगे हवेतील नत्र वापरतात हे सिद्ध केले, आणि १८८८ साली हॉलंडमधील बायरिंक याने त्या गाठींतील जिवाणू वेगळे करून दाखविले. घरच्या मुलांना हे प्रत्यक्ष दाखवावयाचे असल्यास मुगाचे किंवा चवळीचे रोप हलक्या हाताने उपटून मुळावरची एक गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला तर कारखाना चालू आहे असे समजावे. ती गुलाबी छटा आपल्या रक्तातील रंगद्रव्याच्या जवळच्या एका द्रव्यामुळे येते.

आपल्या हवेचे सुमारे ७८ शतांश नत्र आहे. म्हणजे प्रत्येक शेतावर नत्राचा समुद्र उभा आहे, आणि भात मात्र त्याखाली नत्रावाचून पिवळा पडतो. ही विसंगती शेंगवर्ग मिटवितो. भाताच्या खाचराला आणखी एक देणगी लाभली आहे. साचलेल्या पाण्यात वाढणारे निळे-हिरवे शेवाळही हवेतील नत्र बांधते, हे पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञाने १९३९ साली दाखवून दिले. खते नसताना शतकानुशतके आपली खाचरे पिकत आली, त्याचे एक रहस्य हेच.

आता हिशेब पाहू. सुधारित भातासाठी हेक्टरी सुमारे १०० किलो, म्हणजे एकरी ४० किलो नत्र द्यावे अशी सर्वसाधारण शिफारस असते. युरियात ४६ शतांश नत्र असते. तेव्हा ४५ किलोंच्या दोन गोण्यांतून एकरी सुमारे ४१ किलो नत्र मिळते. उलट धैंचा दाट पेरला, त्यास पाणी मिळाले आणि तो पंचेचाळीस-पन्नास दिवसांचा झाला, तर एकरी सहा टनांच्या आसपास हिरवा पाला सहज होतो. ताज्या पाल्यात नत्र अर्ध्या शतांशाहून किंचित कमी धरले, तरी पंचवीस-सत्तावीस किलो नत्र जमिनीत गेले. म्हणजे युरियाची सव्वा गोणी. धैंच्याचा आणखी एक गुण असा की तो साचलेल्या पाण्यात व खारवट-चोपण जमिनीतही तग धरतो. तागाला असे पाणी सोसत नाही, म्हणून तो निचऱ्याच्या जमिनीत बरा.

ही सर्व माहिती मी त्या उन्हाळ्यात माझ्या विद्यार्थ्याला फळ्यावर मांडावी तशी सांगितली. शेवटी ठासून म्हणालो, “पंचेचाळीस दिवस. फुलावर येताच गाडायचा. आधी नाही, नंतर नाही.” त्याने मान डोलाविली. त्याची आई जवळच मोहाची फुले वाळवीत बसली होती. तिने त्यांच्या बोलीत मुलाला काहीतरी विचारले. मी अर्थ विचारला तेव्हा तो हसून म्हणाला, “आई विचारते, हे पंचेचाळीस दिवस गुरुजी कुठून आणणार?” मला तो विनोद वाटला. तो विनोद नव्हता.

त्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरीवर त्याने चांगल्या एक एकरात धैंचा पेरला, आणि त्याच दिवसांत कोपऱ्यातल्या वाफ्यावर भाताचे रोप टाकले. पुढे आर्द्रा जवळजवळ कोरडी गेली. पुनर्वसूत पाऊस सुरू झाला. शेजाऱ्यांच्या लावण्या पुष्याच्या सुरुवातीस उरकत आल्या. पण आमचा धैंचा केवळ गुडघ्याएवढा! विद्यार्थ्याने मला विचारले, “आता गाडून लावणी करू का?” मी पुस्तकावर बोट ठेवून सांगितले, “अजून दिवस भरले नाहीत, थोडे थांब.” तो थांबला, कारण सांगणारा त्याचा गुरुजी होता. पंचेचाळीस दिवस भरले, धैंचा गाडला, कुजण्यास आठवडा दिला, आणि लावणीला आश्लेषा उजाडली. तोवर वाफ्यातले रोप पन्नाशीला आले होते. जे रोप एकवीस ते पंचवीस दिवसांचे असताना लावावयाचे, ते दुप्पट वयाचे, कांड्यावर आलेले, उंच व पिवळे लावले गेले. अशा रोपाला फुटवे कमी फुटतात आणि फुटव्यांवाचून लोंब्या कोठून येणार? जमिनीत खत भरपूर होते, पण ते खाणारे भात म्हातारे झाले होते. दरवर्षी दहा पोती भात देणारे ते एक एकर सहा पोत्यांवर थांबले. घरच्यापुरते ठेवून उरले तेवढे त्याने आमच्याकडे पाठविले. आमच्या ओसरीवरची तीन पोती कमी झाली त्याचा हा इतिहास.

मी नुकसान भरून देऊ केले. त्याने पैसे घेतले नाहीत. म्हणाला, “शेतात चुकले की शेतातच भरून काढायचे असते, गुरुजी.” त्या वाक्याने मला जितके खाली पाहावयास लावले तितके उभ्या नोकरीत कोणत्याही वरिष्ठाने लावले नव्हते. आमच्या घरी तीन पोती कमी आली, तर आम्ही बाजारातून तीन पोती आणली. सतरा पानांपैकी एकही रिकामे राहिले नाही. त्याच्या घरी चार पोती भात कमी झाले म्हणजे मुलीच्या वह्या, बैलाचे औषध आणि सोयऱ्याचे लग्न यांतून काहीतरी वजा झाले. उपदेश माझा, पण त्याची किंमत त्याने मोजली.

दानाला देश, काल व पात्र पाहावे असे आपले शास्त्र सांगते. मी वर्गात हे तीन शब्द मुलांकडून कितीदा घोकून घेतले असतील! हिरवळीचे खत हे जमिनीला दिलेले दानच होय, आणि मी नेमके तेच तिन्ही पाहावयाचे विसरलो होतो. पुढील हिवाळ्यात आम्ही दोघे पुन्हा बसलो. या वेळी मी प्रश्न विचारले आणि त्याने उत्तरे दिली.

पहिला प्रश्न देशाचा, म्हणजे पाण्याच्या जागेचा. विहिरीचे पाणी कोठवर पोहोचते? त्याने सांगितले, एका पाव एकराला वैशाखात दोन-तीन पाणी देता येतील. बाकी सर्व आकाशाच्या भरवशावर. म्हणजे पंचेचाळीस दिवसांचा धैंचा खऱ्या अर्थाने केवळ त्या पाव एकरातच शक्य होता. मेच्या मध्यावर पेरला तर जून संपता संपता तो गाडता येतो, आणि लावणी एक दिवसही पुढे जात नाही. पाव एकराला पाच किलो बियाणे पुरते. उरलेल्या शेतासाठी पीक उभे करण्याचा आग्रह सोडून पाला बाहेरून आणणे हाच मार्ग होता.

येथे गिरिपुष्प उपयोगी पडले. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतील. त्याच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘उंदीरमार’ असा आहे. कित्येक ठिकाणी आपले शेतकरीही त्याला उंदीरमारी म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडाशी बोटभर जाड व हात-दोन हात लांब फांद्या बांधावर खोचल्या की त्या जगतात, आणि दोन-तीन वर्षांत बांधावर पाल्याची रांग उभी राहते. शेळ्या-गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. मोकाट चराईच्या मुलखात हा गुण सोन्यासारखा आहे. आपल्या महाराष्ट्रात डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भात लागवड म्हणून जी पद्धती घालून दिली, तिच्यातील दुसरे सूत्र या पाल्याचेच आहे. प्रत्येक गुंठ्याला ३० किलो, म्हणजे हेक्टरी तीन टन कोवळा पाला लावणीपूर्वी सहा-सात दिवस फांद्यांसह खाचरात पसरावा. पाने गळून चिखलात मिळतात. उरलेल्या काड्या चिखलणीच्या वेळी वेचून चुलीला नेता येतात. या पद्धतीचे पहिले सूत्र भाताचे तूस व पेंढा यांचा पुनर्वापर हे आहे. रोपवाटिकेच्या मातीत तुसाची काळी राख मिसळली असता रोपांना सिलिका मिळून ती कणखर होतात. तिसरे सूत्र नियंत्रित लावणीचे. चौथ्या सूत्रात युरिया व डीएपी यांची २.७ ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचावयाची असते. चारही सूत्रांचा रोख एकच आहे : घरचे वाया जाऊ देऊ नये, आणि विकत घेतलेले वाहून जाऊ देऊ नये.

हा शेवटचा मुद्दा घरात बसून तांदूळ खाणाऱ्यांनीही समजून घेण्यासारखा आहे. साचलेल्या पाण्यात फेकलेल्या युरियापैकी बराचसा भाग वायुरूपाने उडून जातो, काही पाण्याबरोबर वाहतो. भाताच्या वाट्याला पुष्कळदा त्यातील तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक येतो. खाचराच्या चिखलात प्राणवायू नसतो. तेथे कुजणारा कोवळा पाला आपले नत्र अमोनियाच्या रूपाने हळूहळू सोडतो, आणि मातीचे कण ते धरून ठेवतात. भाताला फुटवे येण्याचे दिवस व पाला नत्र सोडण्याचे दिवस साधारण एकच असतात. मात्र खाचर मध्येच सुकले व पुन्हा भरले, तर त्या अमोनियाचे रूप पालटते आणि नत्र पुन्हा हवेत निघून जाते. म्हणून पाला गाडल्यावर बांध फुटू न देणे व पाणी टिकविणे हा या खताचाच एक भाग समजावा.

दुसरा प्रश्न कालाचा. फूल आले म्हणजे गाडावे, हा नियम का आहे? पाला कोवळा असताना त्यात कर्बाच्या मानाने नत्र पुष्कळ असते, म्हणून तो लवकर कुजतो व नत्र देतो. झाड जून झाले की त्यात काष्ठ वाढते. असे काष्ठ कुजविण्यासाठी मातीतील जिवाणूंनाच नत्र लागते. ते जमिनीत असलेले नत्रही तात्पुरते उचलून घेतात, आणि भात पिवळे पडते. याचा अर्थ उशीर झाल्यास खत उपाशी माणसाच्या ताटातून घास उचलते. परंतु याच नियमाचा दुसरा अर्थ मी पहिल्या वर्षी ओळखला नव्हता. कोवळेपणी लवकर गाडले तर पाला कमी मिळेल, पण अपाय काहीच होणार नाही. गुडघाभर धैंचा पुष्यातच गाडला असता, तर खत निम्मे मिळाले असते आणि भात पुरे. पंचेचाळीस हा आकडा धैंच्यासाठी होता; मी तो भातावर लादला. ज्याच्यासाठी खत करावयाचे त्याच्या वयाची चौकशी आधी करावी, ही साधी गोष्ट त्या आईच्या एका प्रश्नात होती.

तिसरा प्रश्न पात्राचा, म्हणजे खर्च कोणी सोसावा याचा. हा सर्वांत अवघड. सरकारी अनुदानामुळे युरियाची ४५ किलोंची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. एकरभर धैंच्यासाठी वीस किलो बियाणे लागते. ते विकत घ्यावयाचे तर वाचलेल्या सव्वा गोणी युरियाच्या किमतीपेक्षा त्याचा खर्च अधिक होतो. नांगरणी व मजुरी निराळीच. निव्वळ रोख हिशेबाने पाहिले तर हिरवळीचे खत गरिबाला परवडत नाही, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. जे लेखक हे लपवितात ते शेतकऱ्याचा विश्वास गमावतात. यावर आम्ही शोधलेला उपाय अगदी घरगुती आहे : धैंच्याची दहा-वीस झाडे बांधाच्या कडेला न गाडता राखून ठेवावयाची. त्यांच्या शेंगांतून पुढील वर्षाचे बी घरचेच होते. गिरिपुष्पाच्या फांद्या तर शेजाऱ्याकडून मागूनही मिळाल्या.

मग हा खटाटोप कशासाठी? युरिया केवळ नत्र देतो. पाला जमिनीला अन्न देतो. मातीतील असंख्य जिवाणू व गांडुळे यांना कर्बयुक्त आहार लागतो. त्यांच्यामुळे मातीचे कण एकमेकांस धरून राहतात, ढेकूळ हाताने फुटते, पाणी मुरते व टिकते. सेंद्रिय द्रव्य संपलेली जमीन म्हणजे लाकूड संपलेली चूल. तिच्यात तेल ओतून भडका उडेल, पण विस्तव राहणार नाही. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या फेलकर या इंग्रज कृषिरसायनशास्त्रज्ञाने १८९३ सालच्या आपल्या अहवालात शेण जळणात जाते व शेताला मिळत नाही, याकडे लक्ष वेधले होते. सरपणाची सोय केल्यास शेण शेताकडे वळेल, असे त्याचे म्हणणे होते. बांधावरचे गिरिपुष्प हे दोन्ही काम एकाच वेळी करते, पाला शेताला व काडी चुलीला. सह्याद्रीच्या कडेने भाताच्या वाफ्यावर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा व शेण जाळून राब करण्याची चाल आहे. तिचे फायदे शेतकरी उगीच सांगत नाहीत; तणाचे बी जळते, रोप जोमदार येते. परंतु ज्या पाल्यातून नत्र मिळावयाचे तो धूर होऊन जातो आणि डोंगर बोडके होतात. तुसाची राख व गिरिपुष्प यांच्या साहाय्याने राबाची गरज कमी करता येते, हा लाभ शेतापुरता नसून डोंगराचाही आहे.

येथे अतिशयोक्तीचा मोह आवरला पाहिजे. हिरवळीचे खत हा रामबाण नव्हे. शेंगवर्ग नत्र आणतो, स्फुरद आणू शकत नाही. जमिनीत स्फुरद कमी असेल तर ते बाहेरूनच द्यावे लागते, आणि ते हिरवळीच्या पिकालाच दिले तर त्याची वाढ व गाठी दोन्ही सुधारतात. कोवळा पाला जितक्या लवकर नत्र देतो तितक्याच लवकर नाहीसाही होतो; म्हणून जमिनीचा कायमचा कस वाढविण्यास शेणखत-कंपोस्टची जोड हवीच. साचलेल्या पाण्यात हिरवा पाला कुजताना मिथेन हा वायू अधिक निघतो व तो हवामानाला तापदायक आहे. खताचा अतिरेक टाळणे हे त्यामुळेही श्रेयस्कर. आणि मूग-उडदाचे दाणे घरी आणून त्यांच्या काड्याही गुरांना घातल्या, तर जमिनीला फारसे काही मिळाले असे समजू नये. शेंगा तोडाव्या, पण वेल मातीलाच द्यावे.

आमच्या प्रयोगाचे फळ सांगून हा लेख संपवितो. बांधावरचे गिरिपुष्प तिसऱ्या वर्षी पाल्याला आले. विहिरीजवळच्या पाव एकरात मेमध्ये धैंचा, उरलेल्यात गिरिपुष्पाचा पाला, आणि लावणी पाऊस सांगेल त्या दिवशी, असा क्रम ठरला. त्या एकरातून पुन्हा दहा पोती भात आले, पुढच्या वर्षी अकरा. युरिया दोन गोण्यांच्या जागी दीड गोणी पुरला. अर्धी गोणी वाचली म्हणजे सव्वाशे-दीडशे रुपये. एवढ्यासाठी कोणी लेख लिहू नये! पण माझा विद्यार्थी पैशांचा हिशेब सांगतच नाही. तो म्हणतो, पाऊस थांबला तर खाचर आता पूर्वीपेक्षा दोन-तीन दिवस अधिक दम काढते. एका शेताच्या अनुभवावरून सिद्धांत मांडणे हे न्यायाला धरून होणार नाही. तरी आपल्या जमिनीची ज्याला रोज गाठ पडते त्याच्या डोळ्यांवर मी माझ्या पुस्तकापेक्षा अधिक भरवसा ठेवू लागलो आहे.

वाचकांपैकी ज्यांची कोकणात, मावळात किंवा अन्यत्र भातजमीन आहे व ती दुसरे कोणी कसत आहे, त्यांना एक विनंती आहे. पहिल्या वर्षी हिरवळीच्या बियाण्याचा खर्च आपण सोसावा. नवा प्रयोग सर्व शेतावर न करता चार गुंठ्यांवर करावयास सांगावे. आणि पीक बुडाले तर वाटा मागू नये. ज्याला नुकसान सोसण्याची ताकद आहे त्यानेच धोका पत्करणे न्याय्य आहे. ज्यांची जमीन नाही त्यांनी निदान ज्याच्याकडून वर्षाचा तांदूळ घेतात त्याच्याशी किमतीची घासाघीस करताना दोनदा विचार करावा. दारी आलेल्याला आपण शिधा देतो. ज्या मातीतून तो शिधा येतो तिचा वाटा कोणीतरी काढून ठेवलाच पाहिजे.

गेल्या मार्गशीर्षात सहा पोती आली, आणि त्यांवर एक लहानशी पुरचुंडी बांधलेली होती. आत धैंच्याचे मूठभर बी होते. विद्यार्थ्याच्या आईने पाठविलेला निरोप असा होता : “गुरुजींच्या परसात टाकायला. पण पाणी असेल तरच.”